तुंगार्लीच्या मोटारीची मागची सीट

आधीच सांगते – भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी तळेगावची बाळंतपणं करणारी डॉक्टर. बाईच्या अंगात आलंय म्हणून मला बोलावायचे, आणि निघायचा साधा ताप! तेव्हा पुढचं वाचून 'डॉक्टरीणबाईंना म्हातारचळ लागला' असं कुणाला वाटलं, तर खुशाल वाटू दे.

दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. पवन मावळातून निरोप यायचा, मी बैलगाडीत बसायची... आणि मी वाटेत असतानाच तिकडे बाई गेलेली असायची. असं पुन्हा एकदा झालं तेव्हा ठरवलं, मोटार घ्यायची आणि स्वतः चालवायची. घरच्यांनी नाकं मुरडली. मी लायसन काढून मोकळी झाले.

लोणावळ्याजवळ तुंगार्लीला मुंबईच्या एका शेटजींच्या बंगल्यात जुनी मोटार विकायला होती. कापडी टपाची, चार दारांची. ती पारखायला मी लोणावळ्याच्या एकनाथ मिस्त्रींना घेऊन गेले. मिस्त्री गाडीखाली शिरले, ब्रेक पाहिले, प्लग काढून पुसले, इंजिनाला कान लावला.

"इंजिन झकास आहे, बाई," ते म्हणाले.

बंगल्याचा म्हातारा माळी मात्र फाटकाशी आडवा आला. "नगा घेऊ, बाई. हिच्यात मागं कुनीतरी बसतंय. डायवर टिकंना गेलाय."

"बसतंय तर बसू दे, आबा. मागची सीट असते कशाला?" असं म्हणून मी चालवून बघायला गाडी बाहेर काढली.

वलवण मागे पडलं आणि गाडी जड झाली. पेशंट आणि तिची सासू मागे बसल्यावर होते, तशी. मिस्त्री उतरले. मागची डावी बाजू चांगली वीतभर खाली बसली होती! त्यांनी टायर दाबून पाहिला, खाली वाकून चाकांवरचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगा, चाचपले. पाटा एकही तुटलेला नव्हता.

"बाई... माणूस बसल्यावर बसते तशी बसलीये," ते हळूच म्हणाले.

"नीट बघा, मिस्त्री. काहीतरी अडकलं असेल," मी जवळजवळ ओरडलेच. खरं सांगते, भीतीपेक्षा राग जास्त आला होता. इतक्या खटपटीनं मिळालेली मोटार, आणि आता हे!

वाकसईजवळ रेडिएटरमधून वाफा यायला लागल्या. भर दुपार, लख्ख ऊन. रस्त्याकडेच्या घरातून एक म्हातारी पाण्याची घागर घेऊन आली. मिस्त्रींनी रेडिएटर भरला. मी ओंजळीनं पाणी प्याले. म्हातारीनं उरलेलं पाणी तांब्यात ओतलं आणि मागच्या दाराशी जाऊन तांब्या आत धरला.

"कुणाला देताय, मावशी?"

"आता गं! तुमी प्यालात, अन् हिला इचारलं पन न्हाई," म्हातारी माझ्यावरच डाफरली. "दिवस भरल्यात तिचं. कुटं निघालाय हिला घेऊन? बिगी बिगी न्या."

तिनं तांब्या बाहेर काढला... रिकामा. मी आत हात घालून सीट चाचपली. कोरडी. खालची फळी – कोरडी. मिस्त्री केव्हाच रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले होते.

मीही दारापासून दोन पावलं मागे सरले. पण एक सांगू? 'दिवस भरल्यात' हे शब्द ऐकल्यावर मला दुसरं काही सुचेना. मी मागच्या रिकाम्या सीटकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "हे बघा बाई, दवाखान्यात यायचं असेल तर गुमान बसा. मला घाबरवायचं असेल तर इथंच उतरा. मी ही मोटार घेणार म्हणजे घेणार!"

गाडी वर आली नाही. तशीच बसलेली.

"मिस्त्री, येताय का?"

ते आले. पुढच्या सीटवर, डोळे मिटून. मी तुंगार्लीकडे न वळता थेट तळेगाव गाठलं. दवाखान्यासमोर थांबले, उतरून मागचं दार उघडलं आणि एरवी पेशंटला देते तसा हात पुढे केला.

हाताला काही लागलं नाही. पण कमानपाटे कर्रर्र वाजले आणि गाडी आमच्या डोळ्यांदेखत सरळ झाली. मिस्त्रींनी हात जोडले. मी दवाखान्याचं दार सताड उघडून धरलं, जरा वेळ थांबले, मग लावून घेतलं.

पुढे पुष्कळ चौकशी केली. त्या मोटारीत कुणी बाई गेली नव्हती, वाटेवर कुणाला अपघात झाला नव्हता, शेटजींच्या घरात तसलं काही घडलं नव्हतं. वाकसईच्या मावशी शेवटपर्यंत एकच सांगत राहिल्या – "हिरवं लुगडं हुतं. लय घामाघूम झालती."

शांती करा, मोटार विका, असं सगळ्यांनी सांगितलं. मी काहीही केलं नाही. मोटार घेतली, आणि तिच्यातून मावळातल्या कितीतरी बायका दवाखान्यात आणल्या. मागची सीट पुन्हा कधी आपोआप खाली बसली नाही.

तांब्यातलं पाणी गेलं कुठं, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर जरूर सांगा. पण ती मोटार मी घ्यायला नको होती, एवढं मात्र मला सांगायला येऊ नका.