रेडिओचे सेल

शनिवारी समाजमंदिरात मी बायकांना घरखर्च आखायला शिकवते. वहीत दोन रकाने पाडायचे, गरज आणि हौस. परवा मालनताईंनी रेडिओचे सेल गरजेत लिहिले.

"ताई, हे हौसेत जायचं," मी म्हटलं.

"बाई, घरात मी एकटीच. संध्याकाळी कुणाचा तरी आवाज नको का?"

माझा खडू फळ्यापाशीच थांबला. माणसाला जगायला काय लागतं, हे मी किती सहज ठरवून टाकलं होतं. घरी येऊन स्वतःची वही उघडली. बहिणीच्या गावचं एसटीचं तिकीट कित्येक महिने हौसेत पडून होतं, आणि दर महिन्याला मीच त्यावर काट मारत होते.

आज कंडक्टरने ते तिकीट हातात ठेवलं, तेव्हा मनातल्या मनात मालनताईंना नमस्कार केला.