बाबांच्या नावावर खपवलेलं माझं पोट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण परवा डॉक्टर मला शिकवत होता — आजोबा, फायबर खा, ताक प्या, आतड्यात चांगले जंतू असतात त्यांना सांभाळा. डोकंच फिरलं माझं. अरे, हे सगळं लालबागच्या चाळीत माझा बाप सांगून गेला. जंतूंचं नाव न घेता. मी ऐकलं का?

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गिरणी सुटली की मी सभेला. चहा आणि पाव, पाव आणि चहा — भाकरी चावत बसायला वेळ कुणाला? आणि नाचणी तर गावंढळांनी खावी. बाबा तिचीच रात्रभर आंबवलेली आंबील ताक घालून पुढे ठेवायचे. म्हणायचे, "झिला, पावान पोट भरता, साफ होणा नाय." मी वाटी सरकवायचो. सरकार हलवायला निघालो होतो, अन् चार-चार दिवस पोट हलत नव्हतं.

मजल्याला संडास दोन, माणसं साठ. आणि आत अर्धा-अर्धा तास बसणार कोण — तर मी. सभेत आवाज चढवणारा. कसं कबूल करणार? मग काय केलं... सांगतो. पहाटे, त्या दिवा नसलेल्या बोळातून, बाबांचा मफलर डोक्याला गुंडाळून जायचो. वाकून. दार वाजलं की आतून खोकायचो — बाबांसारखा. त्यांचा तो गिरणीच्या कापसाने धरलेला खोकला.

बाहेर लोक वैतागायचे. म्हातारा आत लोणचं घालतोय काय रे? मी ऐकायचो. आणि पुन्हा खोकायचो.

शेवटी चाळीची बैठक बसली. लोकांना कामावर उशीर होतो, तर म्हाताऱ्याने सकाळी दहानंतर जावं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं — रोज पहाटे खुंटीवरचा मफलर कुठे जातो, हे न कळायला ते काय आंधळे होते? तरी सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकला माझा."

मग बैठकीतून कुणी म्हणालं, ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा. पहिला हात माझा.

त्या दिवसापासून बाबा संध्याकाळचं जेवेनात. म्हातारं शरीर, दहापर्यंत धरवणार कसं? भूक नाही म्हणायचे. मला ते खरंच वाटायचं — नाही, हेही खोटं. मला माहीत होतं. मी त्यांच्यासमोर बसून जेवत होतो.