काकवी बाउलचे कोट

आमच्या गावची शिवणकामवाली लर्लीन गिड्री, तिला समितीच्या त्या कोटाचं एवढं काय होतं, याचं मला कुतूहल होतं. आमच्या ब्रुसारविलचा काकवी बाउल म्हणजे हंगाम संपल्यावर दोन कॉलेजांचे फुटबॉल संघ बोलावून भरवलेला सामना. संघ निवडायला समितीचे पुरुष पिवळे कोट घालून गावोगाव हिंडतात, फुकट खातात आणि त्याला सेवा म्हणतात.

पैसे देणारा बदलला की सामन्याचं नाव बदलतं, आणि लर्लीन कोटांच्या खिशावरचा बिल्ला बदलते. आधी काकवीचे कारखाने होते. मग बँक आली, मग पंपवाले, मग गोठवलेला पिझ्झा. यंदा गादीवाले आले नि नावातली काकवीच उडाली. गाव आता खुशाल गादी बाउल म्हणतं.

समिती मैदानाच्या मधोमध उभी राहून टाळ्या घेते, तेव्हा लर्लीन प्रेक्षकांच्या बाकांखाली सुईदोरा घेऊन बसलेली, कुणाचं बटण तुटलं तर म्हणून. सामन्याची सुरुवात तिनं कधी पाहिलीच नाही.

गादीवाल्यांनी मापं मागवून नवे निळे कोट पाठवले. समितीतल्या बऱ्याच जणांना मी शाळेत शिकवलंय, म्हणून सांगते: सगळ्यांनी कॉलेजात खेळत होते तेव्हाची मापं कळवली. एकाचंही बटण लागेना. अध्यक्ष ट्रुएट एबेर ढीग घेऊन लर्लीनच्या दारात. मी तिच्याकडे कॉफीला गेले होते.

"मिस लर्लीन, कारखान्यानं घोळ घातलाय."

"कारखान्यानं? का तुझ्या बायकोच्या भातावर ओरपलेल्या गंबो रश्शानं?"

"अहो, शनिवारी सामना आहे!"

"मग मला समितीत घ्या. माझा कोट द्या, की कात्री हातात घेते."

"बाईला आजवर कुणी घेतलेलं नाही."

"तर मग शनिवारी पोटं आत ओढून उभे राहा."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. लर्लीन एका मतानं निवडून आली. त्यानंतर मी तिच्याकडे बसलेली असताना एकेक जण तिच्या दारात. "मिस लर्लीन, माझं मत तुम्हालाच बरं का!" एका मतानं जिंकलेल्या बाईला जो तो मत देऊन आला होता.

सगळ्यांत शेवटी ट्रुएट आला. टोपी हातात.

"मी मत विरोधात टाकलं. पुन्हा झालं तरी तेच करीन. माझा कोट राहिला तर राहू द्या."

लर्लीननं ढिगातून त्याचाच कोट ओढला आणि शिवण उसवायला घेतली.

"अगं, याचा आधी?" मी विचारलं.

"शनिवारी अध्यक्षाशेजारी उभं राहायचंय मला. शेजारचा माणूस खरा बोलणारा असलेला बरा." मग ट्रुएटकडे न बघताच म्हणाली, "हात वर कर. आणि श्वास सोड, मूर्खा."