पासवर्ड आईला विचारा

आमच्या घरात सूटकेस माळ्यावरून खाली आली की कोणीतरी गावाला जाणार असतं. त्या हिवाळ्यात ती खाली आली आणि पॅसेजमध्ये चपलांच्या स्टँडशेजारी नुसतीच उभी राहिली. येणारा-जाणारा तिच्यावर पायाचा अंगठा आपटत होता.

ती नवऱ्याने उतरवली होती. मुलगी कॉम्प्युटरचं शिकून घरी बसली होती, म्हणजे त्याच्या मते बसली होती. ती दिवसभर काम करायची, पण घरात आणि पायजम्यात, त्यामुळे ते त्याला काम वाटत नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. तिला मात्र जबलपुरातच राहून मोबाइलवरच्या क्रिकेटच्या खेळाची लीग चालवायची होती. त्यासाठी वेबसाइट काढायची, तिच्यावर पोरांनी टीम नोंदवायची, वेळापत्रक बघायचं, घरी बसून मॅच खेळायची आणि गुण मोजायचे.

"पुण्यात अशा साइट बहुत आहेत," ती म्हणाली. "यहाँ एक भी नहीं है, बाबा."

"इथं काहून नाही, याचा विचार केला का?" नवऱ्याने विचारलं.

नवरा संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात आहे. समोर वस्तू येते, तो ती मापतो आणि पास किंवा नापास म्हणतो. घरी पोळ्यांचंही तसंच चालतं. त्याने मुलीला अट घातली. एक टूर्नामेंट पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायची, आणि एकही तक्रार यायला नको. तक्रार आली तर पुणे. ती लगेच हो म्हणाली. तिने आजवर लोकांशी व्यवहार केला नव्हता, हे त्यातच कळलं. त्याने सूटकेस उतरवली, ओल्या फडक्याने पुसली आणि म्हणाला, "समोर असली म्हणजे लक्षात राहते."

मुलगी पुण्याला गेली असती तर मी काही अंथरूण धरलं नसतं. रविवारी व्हिडिओ कॉल केला असता आणि दिवाळीला चिवडा पाठवला असता. पण एकाने सुरू केलेलं काम दुसऱ्याने बंद पाडलेलं मला बघवत नाही. म्हणून मी तिच्या बाजूला गेले आणि पहिल्याच दिवशी तिच्या खर्चाला कात्री लावली.

पैसे तिचेच होते, शिकवण्या घेऊन साठवलेले. मी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका नमकीन कारखान्याच्या ऑफिसात हिशेब आणि माल रवाना करण्याचं बघते, त्यामुळे थोड्यात भागवणं हा माझा रोजचा धंदा आहे. साइटसाठी तिला एक रुबाबदार नाव हवं होतं, ते महाग निघालं. स्वस्त होतं ते इतकं लांब की फोनवर सांगताना मध्ये श्वास घ्यावा लागे. ते घेतलं. सर्व्हरही सगळ्यात खालच्या दराचा घेतला.

"एकदम खूप लोग आले तर हा बंद पडेल," ती म्हणाली.

"आपल्याकडे एकदम खूप लोक येणार नाहीत," मी म्हणाले.

त्यावर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला तेवढ्यात पाहुण्यांच्या भांड्यांचं कपाट आवरता आलं.

बक्षिसाचा प्रश्न भिशीत निघाला. आमच्या भिशीत विजय नगरातल्या गल्लीतल्या बायका आहेत, निम्म्या फॅक्टरीवाल्यांच्या घरच्या. एकीने चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "काय वो, पैसे लावून खेळवून राहिली का तुमची पोरगी आमच्या पोट्ट्यांना?" मी तिथेच सांगून टाकलं की प्रवेश फुकट आहे आणि बक्षीस खाण्याचं आहे. खाण्याचं काय, ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या कारखान्याच्या मालकांसमोर लॅपटॉप उघडला.

"दीदी, इसमें हमारा सेव कहाँ दिखेगा?"

"हर मैच के पहले, भैया. पूरा पैकेट."

"कोई खाते हुए दिखेगा?"

"नहीं, सिर्फ पैकेट."

"पैकेट तो दुकान में भी दिखता है," ते म्हणाले. बराच वेळ विचार करून त्यांनी थोडे पैसे दिले आणि ज्या पाकिटांवर छपाई तिरकी आली होती ती सगळी खोकी देऊन टाकली. सेव उत्तम होती. पाकिटावरचा आचारी तेवढा आडवा पडलेला दिसत होता.

मालकांच्या पैशांतून मुलीने ओटीपीचे मेसेज घेतले. असे मेसेज गठ्ठ्याने विकत मिळतात, हे मला नवीन होतं. तिने सगळ्यात लहान गठ्ठा घेतला. एकाच्या जागी दुसरा खेळू नये म्हणून प्रत्येक मॅचच्या आधी कॅप्टनच्या नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी जाणार, तो टाकला की दार उघडणार. व्यवस्था चोख होती. नोंदणी रविवारी झाली, सगळ्यांना ओटीपी आले आणि सगळे खूश झाले.

पहिली मॅच शनिवारी दुपारी होती, शाळा सुटल्यावर. वेळ झाली. मुलगी पडद्यासमोर बसली, मी तिच्या मागे उभी. एकही कॅप्टन आत आला नाही. थोड्या वेळाने मेसेजचा गठ्ठा संपल्याची सूचना आली.

"आलं कोणी नाही, मग मेसेज कोणी संपवले?" मी विचारलं.

तिने नंबरांची यादी उघडली, आणि आम्हा दोघींनाही एकदमच कळलं. आमच्याकडे पोरांच्या कुठल्याही कागदावर बापाचा नंबर लिहितात. शाळा, स्कूल बस, दवाखाना, सगळीकडे तोच. हात आपोआप तोच लिहितो. रविवारी बाप घरी होते, त्यांनी कशाचा ते न विचारताच ओटीपी पोरांना वाचून दाखवला. शनिवारी ते ओव्हरटाइमला होते, आणि फॅक्टरीत मोबाइल नेता येत नाही. तो गेटवर जमा करावा लागतो. म्हणजे पोरं घरी बसून 'पुन्हा पाठवा' दाबत होती आणि सगळे ओटीपी गेटवरच्या कप्प्यांमध्ये जाऊन पडत होते. या गावात फॅक्टरी काल आलेली नाही. तरी आमच्या दोघींच्या डोक्यात हे आलं नाही.

पुढचं गेटवर झालं. त्याच आठवड्यात फॅक्टरीत ऑनलाइन फसवणुकीवर भाषण झालं होतं. शिफ्ट सुटली, लोकांनी फोन हातात घेतले, आणि प्रत्येकाच्या फोनवर ओटीपीची रांग. कोणी घरी फोन लावला, कोणी देवाचं नाव घेतलं. आमच्या शेजाऱ्यांनी तर उभ्या उभ्या बँकेला फोन करून आपलं खातं बंद करून टाकलं.

नवऱ्याने मेसेजवरचं लांबलचक नाव ओळखलं. पण त्याने फॅक्टरीत मुलगी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करून राहिली असं सांगून ठेवलं होतं. तो सायकल स्टँडपर्यंत गेला. मग परत आला आणि म्हणाला, "घाबरू नका. हे माझ्या पोरीचं आहे."

"ती तर बँकेचं करून राहिली होती ना?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"हे करून राहिली," नवरा म्हणाला.

हे सगळं मला शेजाऱ्यांच्या बायकोने सांगितलं. ती तक्रार घेऊनच आली होती. बंद खात्यामुळे साडीच्या दुकानात तिचं पेमेंट अडकलं, आणि पसंत केलेली साडी दुसरीने नेली. यापेक्षा पक्की तक्रार मी आयुष्यात ऐकलेली नाही.

नवरा घरी आला, सूटकेसवर पाय आपटला, आणि मुलीकडे बघून म्हणाला, "तक्रार आली."

तिने लॅपटॉप मिटला. ती भांडली असती तर मी मध्ये पडले नसते, पण ती नुसतीच उठून सूटकेसची चेन तपासायला लागली.

"अहो," मी म्हणाले, "तुमच्याकडे नापास झालेला माल काय करता?"

"परत पाठवतो."

"आणि दुरुस्त करून आणला तर?"

त्याच्या विभागाचा नियम मला लग्न झाल्यापासून पाठ आहे. नापास माल दुरुस्त करून एकदा पुन्हा तपासणीला आणता येतो. दुसऱ्यांदा नापास झाला की मग भंगार.

"एकदाच," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

दुरुस्ती फुकटात व्हायला हवी होती, कारण गठ्ठा संपला होता. मी उपाय सांगितला. नंबर बापाचा काढायचा आणि आईचा घालायचा. भिशीच्या निमित्ताने सगळ्यांचे नंबर माझ्याकडे होतेच. मॅचच्या दिवशी सकाळी मी प्रत्येक कॅप्टनच्या आईला एक शब्द पाठवणार. पोराने तो आईला विचारायचा.

"आई, ये कोई सिक्युरिटी है?" मुलगी म्हणाली.

"आईला चुकवून या गल्लीत कोण काय करतं, ते मला सांग."

शब्द मी स्वयंपाकातले ठेवले, मला सुचायला सोपे. पातोडी, झुणका, वडाभात. पुढच्याच शनिवारी लीग सुरळीत सुरू झाली आणि त्याबरोबर आणखीही बरंच काही सुरू झालं. भिशीतल्या बायकांना काही शिकवावं लागलं नाही. पासवर्ड हवाय? आधी दळण आण. पासवर्ड हवाय? आजीच्या पायाला तेल लाव. एका घरात मॅचच्या आधी गणिताचा पेपर दाखवावा लागे. गल्लीतल्या गच्च्यांवरचे कपडे शनिवारी वेळेवर उतरू लागले. एक कॅप्टन माझ्या दारात येऊन उभा राहिला, "आंटी, मम्मी नहीं बता रही, आप बता दो ना." मी त्याला परत पाठवलं. त्याची मॅच गेली. त्याच्या आईने तक्रार केली नाही. उलट तिने मला लोणचं पाठवलं.

असं करत फायनल आली, रविवारी सकाळी. नवरा चष्मा लावून मुलीच्या शेजारी खुर्ची घेऊन बसला. एक कॅप्टन मुलगी होती, ती वेळेआधीच आत आली. दुसरा कॅप्टन मागच्या गल्लीतला. त्याची आई पहाटेच्या बसने भावाच्या घराच्या वास्तुशांतीला कुंडमकडच्या एका खेड्यात गेली होती. तिकडे जंगलात रेंज नाही. माझा मेसेज तिला पोचलाच नव्हता.

शब्द मला माहीत होता. पण त्या लोणच्यावालीच्या पोराला मी परत पाठवलं होतं. आता याला सांगितलं असतं तर ती बरणी परत मागायला आली असती, आणि तिचं बरोबर असतं.

"अंकल, टाइम हो गया," लॅपटॉपच्या स्पीकरवर ती कॅप्टन मुलगी म्हणाली. "मॅच हमारी."

आमच्या मुलीने बाबाकडे बघितलं नाही. पडद्यावर आडवा आचारी तेवढा दिसत होता.

"थांबायचं," नवरा म्हणाला.

"रूल तो रूल है ना, अंकल?"

"प्रत्येक मापाला टॉलरन्स असतो, बेटा. थोडं इकडेतिकडे चालतं. तक्रार असेल तर लेखी दे."

लेखी द्यायचं म्हटल्यावर तिने विचार केला आणि थांबते म्हणाली. मी नवऱ्याकडे बघत राहिले. पोळी जराशी जाड झाली तर हा माणूस ती उजेडाकडे धरून बघतो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कुंडमची बाई रस्त्यापर्यंत चालत येऊन रेंज शोधून उभी होती. मी तिला शब्द सांगितला. तिने लगेच पोराला फोन लावला, आणि तो लॅपटॉपच्या कॉलवर आमच्याशीही जोडलेला असल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"आधी सांग, कुंड्यांना पाणी घातलं का?"

"घालतो ना, मम्मी."

"मग घाल. मी धरून आहे."

बादलीचा आवाज आला, नळाचा आला. सगळी लीग कुंड्यांना पाणी घालून होईपर्यंत थांबली. मग शब्द मिळाला, गोळाभात, आणि फायनल सुरू झाली. कॅप्टन मुलीची टीम जिंकली आणि तिने सेवचं खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधून नेलं. तक्रार आली नाही.

पुण्याबद्दल नवरा काहीच बोलला नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. सूटकेस तिथेच. बुधवारी जेवताना त्याने वरणाकडे बघत मुलीला विचारलं, "पुढच्या वेळी आमच्या सेक्शनची टीम घेता येते का?"

"येते ना. पण बाबा, नोंदणीला आईचा नंबर लागतो."

"माझी आई आता कुठून आणू?"

"बायकोचा चालेल."

नवी लीग सुरू झाली त्या शनिवारी सेक्शनला सुट्टी होती. मॅचची वेळ होत आली तसा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"तो शब्द सांग."

"आधी सूटकेस माळ्यावर ठेवून या," मी म्हणाले.

स्टूल ओढल्याचा आवाज आला. मुलीने खोलीतून ओरडून सांगितलं, "बाबा, जल्दी, टॉलरन्स संपून राहिला."