माझं चार वाजताचं रीडिंग

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला होते, तेव्हा सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर मला ‘मॅडम’ म्हणायच्या. इंग्लिश मीडियमची आणि कमी बोलणारी, म्हणजे शिष्ट, असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. मी ते खोडून काढायला गेले नाही. मलाही त्या आवडत नव्हत्या.

त्या दिवशी खिडकीजवळच्या खाटेवर सत्तरीचे एक काका होते. सकाळीच पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. त्यांची बायको मालवणची. स्टुलावर बसून ती माझ्या प्रत्येक कामावर शेरा मारत होती. माझे हात गार आहेत, मी बीपीचा पट्टा वाकडा बांधते, मला धड मराठी तरी येतं का. मी त्यातलं काहीच विसरत नव्हते.

चार वाजता मी काकांचं बीपी घेतलं. एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. तिने किती ते विचारलं.

“एकदम नॉर्मल,” मी म्हटलं. तिचं तोंड बंद करायला मिळालं म्हणून मला बरं वाटलं.

“ह्येंचा कधी दीडशेच्या खाली येना नाय,” ती म्हणाली. “परत बघ.”

मी परत बघितलं नाही. पुढच्या खाटेकडे गेले.

चार्ट भरायला बसले तेव्हा हात थांबला. ऑपरेशनच्या आधी एकशे अडुसष्ट, बारा वाजता एकशे अडतीस, आता एकशे सोळा. नाडी मात्र बहात्तरवरून अठ्ठ्याऐंशी आणि आता एकशे दोन. एक रेघ उतरत होती, दुसरी चढत होती. एकशे सोळा हा पुस्तकातला चांगला आकडा. ज्याचं शरीर वर्षानुवर्षं दीडशेच्या वर चाललंय, त्याच्यासाठी ती घसरण होती. पोटात रक्त जात असलं तर अशीच दिसते.

मी इन्चार्जना सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, एकशे सोळात वाईट काय आहे. म्हातारा दमलाय, झोपू दे. उठसूट डॉक्टरला बोलवायचं नसतं. “आमचं बीपी एवढं छान असतं तर आम्ही पेढे वाटले असते, मॅडम.” बाजूच्या दोघी नर्स हसल्या.

मी परत खाटेकडे गेले. काकांच्या कपाळावर गार घाम होता. या वेळी बीपी अठ्ठ्याण्णव, नाडी एकशे अठरा. मी इन्चार्जच्या समोरूनच इंटरकॉम उचलला. फोनवर बोलायचं म्हटलं की माझी वाक्यं तुटतात, म्हणून फक्त आकडे सांगितले, वेळेच्या क्रमाने. डॉक्टर धावत आले, पोट दाबून बघितलं आणि दहा मिनिटांत काकांना परत थिएटरमध्ये नेलं.

इन्चार्जनी चार्ट माझ्यापुढे सरकवला. चारच्या रीडिंगपुढे ‘डॉक्टरांना कळवलं’ लिहून टाक, म्हणाल्या. “तूही सुटशील.”

मी फोनची खरी वेळ लिहिली, चार पंचवीस. खाली सही केली. त्यानंतर ट्रेनिंग संपेपर्यंत त्या माझ्याशी कामापुरतंही नीट बोलल्या नाहीत.

काका वाचले. दुसऱ्या दिवशी मी पट्टा घेऊन गेले, तर बायकोने त्यांच्या दंडावर आडवा हात ठेवला.

“तू नको. नॉर्मल म्हनालंस ना काल? दुसरी कोन आसात तर पाठव.”

मी दुसरीला पाठवलं. मग दाराशी उभी राहून, घड्याळाकडे बघत, काकांची छाती किती वेळा वरखाली होते ते पूर्ण मिनिटभर मोजलं. अठरा. तेवढं मोजायला तिची परवानगी लागत नव्हती.