रादिसावचे आटलेले दंड

कोलुबारा नदीकाठच्या आमच्या गावात रादिसावच्या दंडांना वेगळाच मान होता. नोव्हेंबरात घरोघर डुकरं कापायची वेळ आली, की दीडशे किलोचं जनावर एकट्यानं आडवं करायला त्यालाच बोलावणं यायचं. यंदा मात्र त्याच्या सदऱ्याच्या बाह्या वाऱ्यावर फडफडत होत्या.

मे महिन्यात शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं होतं, "तुमची मूत्रपिंडं थकलीत. अंगातलं आम्ल बाहेर टाकणं त्यांना झेपत नाही. मग ते आम्ल आवरायला शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरतं."

"म्हणजे मी मलाच खातोय?"

"तसंच समजा. त्यात भरपूर मांस खाल्लंत तर आम्ल आणखी वाढेल. मांस अगदी बेतानं, आणि या सोड्याच्या गोळ्या रोज."

सोडा! त्याची बायको लेपोसावा केकमध्ये घालते तो! एवढ्या मोठ्या गड्याला एवढंसं औषध, हा रादिसावला अपमानच वाटला. पण खरी पंचाईत पुढेच होती. आमच्याकडे हे दुखणं ठरावीक घरांत शिरतं, आणि एकदा नाव झालं की त्या घरावरून जाताना लोक आवाज खाली करतात. म्हणून त्यानं गोळ्या मोज्यात दडवल्या आणि तोंड मिटलं.

ते उघडायला बायको होतीच. नवरा वाळतोय म्हटल्यावर लेपोसावानं कंबर कसली. सकाळी चरबीत तळलेली अंडी, दुपारी बरगड्या, रात्री सॉसेज.

"खा रे, नुसता सांगाडा झालायस! लोक म्हणतील, मी उपाशी मारते!"

नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार, खावं तर दंड आटणार. तो खात राहिला. जमेल तेवढं टेबलाखाली सरकवायचा. त्यानं कुत्रं तेवढं गोल झालं.

शेवटी नोव्हेंबर आला आणि शेजारच्या गोय्कोच्या अंगणातून हाक आली. "ये रे पहिलवाना! पहिलं आम्ही चौघांनी पाडलं, दुसरं तुझं!"

रादिसावनं डुकराचा कान आणि मागचा पाय धरला. डुकरानं अंग एकदाच झटकलं. पुढच्या क्षणी रादिसाव चिखलात उताणा आणि डुक्कर कोबीच्या वाफ्यात. अंगण खदखदून हसलं. मग तो हात टेकून उठायला गेला आणि हात वाकले. पुन्हा टेकले, पुन्हा वाकले. हसणं थांबलं.

लेपोसावा तळलेल्या कलेजीची ताटली घेऊन धावत आली. "उपाशीपोटी आला ना, त्यानं झालं. आ कर."

काटा ओठाशी आला. सगळं गाव बघत होतं.

"लेपो, बस कर गं. माझी मूत्रपिंडं गेलीत. मांसानं मी आणखीच वाळतो."

कुंपणापाशी कुणीतरी आवाज खाली केला.

"कधीपासून?" लेपोसावानं विचारलं.

"मेपासून."

"आणि मी मेपासून तुला..."

गोय्कोनं ताटली घ्यायला हात पुढे केला, पण लेपोसावा ती सोडेना. तशीच चिखलात उभी राहिली. ती ताटली आता कुठे ठेवावी, तेच तिला कळेना.