बदलीवर आलेला कोच

हरणाऱ्या क्लबाचे किस्से लवकर साठतात. जिंकणाऱ्यांना घरी जाऊन नुसता स्कोअर सांगितला तरी पुरतो. आमचा स्कोअर सांगण्यासारखा कधी नसायचाच. बायकोने ‘काय झालं?’ विचारलं की काहीतरी गंमत सांगून वेळ मारून न्यायची. अशी वर्षानुवर्षं वेळ मारून नेल्यावर माणसाकडे दुसरं काय उरणार? क्लबाचं नाव मात्र सांगत नाही. त्या बिचाऱ्याने पुष्कळ सोसलंय.

म्हैसूरच्या फुटबॉल लीगमध्ये आम्ही बी डिव्हिजनला होतो, आणि दरवर्षी तळाशी लोंबकळून कसेबसे तिथेच राहायचो. मैदानाच्या पश्चिमेला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. तिथे आम्ही चौघं बसायचो. चौऱ्याहत्तर वर्षांचे मानोजीराव, एकेकाळचे क्लबाचे लेफ्ट हाफ. पाय गेले, पण आवाज शाबूत. सुबराव, क्लबाचे सेक्रेटरी, आणि सेक्रेटरी असूनही मॅच बघणारे. नागेश टेलर, घरचा कन्नड, पण तीस वर्षं आमच्यातच बसलेला. आणि मी, वीजखात्यातून रिटायर झालेला.

त्या वर्षी कमिटीने ठरवून टाकलं होतं की या सीझनला खाली घसरलो, तर सी डिव्हिजन खेळायची नाही. टीमच बंद करायची. सुबरावांनी तसं पत्रही टाइप करून ठेवलं होतं, नुसती सही राहिली होती.

मानोजीरावांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मैदानाकडे बघितलं. मग म्हणाले, “मग रविवारी मी काय करू?”

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

* * *

कोच बदलणं हा आमच्याकडे सणासारखा नियमित प्रकार होता. दोन वर्षांत तिघे येऊन गेले. त्यातले तिसरे तालुक्याच्या एच. डी. कोट्याहून यायचे. माणूस सरळ, पण जीव बसमध्ये अडकलेला. शेवटच्या मॅचला हाफ टाइमला आम्ही तीन गोलांनी मागे होतो. पोरं कोंडाळं करून उभी राहिली, आता काहीतरी सांगतील म्हणून.

कोचनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “सव्वापाचची शेवटची बस आहे.”

पोरांना वाटलं, सर घाई करायला सांगताहेत. दुसऱ्या हाफमध्ये इतकी घाई केली की आणखी चार गोल खाल्ले. सर तेव्हा स्टँडवर पोहोचले होते.

* * *

चौथ्या कोचची बातमी सुबरावांनी पायऱ्यांवरच दिली. कोल्हापूरचे आहेत, इंगवले म्हणून. तिथे शाळेच्या, पेठेच्या टीम तयार केल्यात. इथे कुवेंपुनगरात घर घेतलंय.

नवीन कोच आला की इतर क्लबांचे लोक भांडतात, पैजा लावतात. आमच्याकडे तेवढी ताकद राहिली नव्हती. नागेशने कन्नडमध्ये विचारलं, “कोल्हापूर म्हणजे केवढं लांब. हरायला इतक्या लांबून?”

“त्यांच्या मिसेसची बदली झालीय इथे,” सुबराव म्हणाले. “बँकेत आहेत त्या. हे रिकामेच बसले होते.”

मानोजीरावांनी मान डोलावली. “म्हणजे कोच नाही मिळाला. बदलीवर आलेल्या बाईचा नवरा मिळाला. होगली बिडी.”

‘होगली बिडी’ म्हणजे जाऊ द्या. आमच्या पायऱ्यांवर हे दोन शब्द दर रविवारी पन्नास वेळा ऐकू यायचे.

* * *

आता आमची एक खोड सांगायला हवी. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी राहिली, तीही निम्मी कन्नड. टीममध्ये आता आमच्या घरांतला एकही पोरगा नाही. त्यामुळे पायऱ्यांवरून मराठीत कोणालाही काहीही बोलता यायचं. रेफ्रीला, कोचला, आपल्याच गोलकीपरला. कोणाला कळत नाही, कोणाचं मन दुखत नाही. सतत हरणाऱ्या माणसाला एवढी तरी सोय हवी.

इंगवले सरांच्या पहिल्या मॅचला आम्ही नेहमीसारखे सुरू झालो. सर लाइनीवरून सारखे पुढे-मागे चालत होते. मानोजीराव मोठ्याने म्हणाले, “अय्यो, हा कोच की लग्नातला वाढपी रे? सुम्ने उगाच फिरायला लागलाय हिकडून तिकडे. एकाला काढत नाही, एकाला घालत नाही.”

हाफ टाइमला सर पाणी पिऊन थेट पायऱ्यांपाशी आले. हात जोडले आणि म्हणाले, “काका, वाढपी म्हणालासा, चालतंय. पण पंगतीतनं उठवायचं कुणाला, ते बोलला नाहीसा.”

कोल्हापुरात मराठी बोलतात हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत शिकलो होतो. पण मराठी म्हणजे आमच्या घरातली गोष्ट, आईची, देवघराची. ती घराबाहेरच्या माणसाला येईल, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

* * *

त्यानंतर पायऱ्यांवर शांतता पसरली. कन्नडमध्ये बोलावं तर पोरांना कळतं. इंग्रजीत बोलावं तर रेफ्रीला कळतं. मराठीत कोचला कळतं. मानोजीराव तोंड मिटून बसायला लागले. एका रविवारी त्यांच्या सुनेने मला फोन करून विचारलं, “मामांची मॅच झाली नाही का आज? घसा बसलेला नाही त्यांचा.”

एकटा नागेश बिनधास्त ओरडत राहिला. त्याचं म्हणणं, मराठी मी तुमच्याकडूनच शिकलो, चूक झाली तर जबाबदारी तुमची. सरांना त्याचं फार कौतुक वाटलं. एक दिवस ते मुद्दाम त्याच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “नागेशराव, छान बोलता की. कसं काय, बरं आहे ना घरी?”

नागेशचा चेहरा पडला. तीस वर्षांत त्याने मराठी ऐकली ती फक्त इथे, मॅच चालू असताना. त्याने थोडा विचार केला आणि जमेल तेवढ्या अदबीने उत्तर दिलं, “मागे बघ, मागे. आंधळा आहेस काय?”

* * *

सुबराव देवभोळे. आठपैकी सहा मॅच हरल्यावर ते एका सकाळी सोसले गावच्या मठात जाऊन आले. प्रसाद घेऊन पायऱ्यांवर आले तेव्हा आम्ही विचारलं, काय मागितलंत?

ते जरा अडखळले. म्हणाले, “जिंका म्हणून मागायला तोंड उघडेना हो. देवालाही संकोच वाटेल असं काही मागू नये. तीनच्या आत हरू दे, म्हटलं.”

त्या दिवशी आम्ही बरोबर दोन गोलांनी हरलो. मला हसू आलं, पण मानोजीरावांचा पारा चढला. “देव ऐकत होता,” ते म्हणाले, “आणि तुम्ही हरणं मागून आलात?”

पुढे महिनाभर ते सुबरावांशेजारी बसले नाहीत. एक पायरी सोडून बसायचे.

* * *

इंगवले सर वाईट कोच नव्हते. पोरांना हिंदी, इंग्रजी आणि हातवारे मिळून शिकवायचे. पोरं पळायला लागली, पास द्यायला लागली. पण सर मनाने एकटे पडले होते. या गावात त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारे आम्हीच, आणि आम्ही तर त्यांना बघून तोंड बंद करायचो. एक दिवस ते मानोजीरावांना म्हणाले, “काका, बोलत जावा की. तुम्ही लेफ्ट हाफ होतासा. मी ऐकतो.”

पुढच्या मॅचला एक-एक बरोबरी असताना मानोजीरावांना राहवलं नाही. “तो चार नंबर दमलाय. काढा त्याला,” ते ओरडले.

आणि सरांनी खरंच काढला. तिथल्या तिथे. आमच्या हयातीत असं कधी झालं नव्हतं. आम्ही चौघंही ताठ बसलो.

नवीन आलेल्या पोराने पहिलाच चेंडू डोक्याने मारला, तो आपल्याच जाळीत. दोन-एक.

सरांनी पायऱ्यांकडे नुसतं बघितलं. रागाने नाही. मानोजीराव मात्र घरी जाताना रस्त्यात मला दोनदा म्हणाले, “त्याने कशाला ऐकायचं रे? चाळीस वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं.” मला फार वाईट वाटलं. पुढच्या दोन्ही मॅचना ते एक अक्षर बोलले नाहीत.

* * *

सीझनची शेवटची मॅच. जिंकलो तर बी डिव्हिजनमध्ये राहणार. बरोबरीसुद्धा पुरणार नव्हती. सुबरावांच्या खिशात ते पत्र होतं. कमिटीचे दोघे खाली खुर्च्या टाकून बसले होते, मॅच संपली की सही घ्यायला.

शेवटची दहा मिनिटं राहिली आणि आम्ही एका गोलाने मागे. बदली खेळाडू सगळे वापरून झालेले. सर लाइन सोडून पायऱ्यांपाशी आले. शर्ट घामाने भिजलेला. “काका,” ते म्हणाले, “आता तरी बोला. काय करू?”

मानोजीरावांनी त्यांच्याकडे बघितलं. “मला काही कळत नाही हो,” ते म्हणाले. “कधीच कळत नव्हतं. मी सुम्ने ओरडत होतो.”

“मलाबी काही सुचेना झालंय,” सर म्हणाले. “बसू काय हितं?”

मानोजीराव थोडे सरकले. सर त्यांच्या शेजारी बसले. खाली बाकावर आता फक्त पाण्याच्या बाटल्या होत्या.

दोन मिनिटांत आमच्या पोरांनी गोल केला. कसा केला ते मला सांगता येणार नाही, जाळीसमोर गर्दी होती. चेंडू जाळीत दिसला एवढं खरं. सर ताडकन उठले आणि खाली धावायला निघाले. मानोजीरावांनी त्यांचं मनगट धरलं.

“हलायचं नाही. तुम्ही इथे बसल्यावर गोल झालाय.”

“काका, पोरांना सांगाय पाहिजे काहीतरी.”

“इथूनच सांगा. मी चाळीस वर्षं इथूनच सांगतोय.”

मग सर तिथूनच ओरडायला लागले, कोल्हापूरच्या मराठीत, आणि मानोजीराव आमच्या मराठीत, आणि नागेश त्याच्या. सुबराव, मी, सगळेच ओरडत होतो. खाली अकरा पोरं पळत होती आणि त्यांतल्या एकालाही आमचं एक अक्षर कळत नव्हतं. एक चेंडू बारला लागून परत आला. एक गोलकीपरच्या छातीवर गेला. मानोजीरावांचा घसा पूर्ण बसला तरी ते ओठ हलवत होते.

मॅच एक-एकवर संपली.

दुसऱ्या टीमची पोरं हस्तांदोलन करून गेली. आमची पोरं होती तिथेच बसली. कमिटीच्या दोघांनी खुर्च्या मिटल्या आणि ते पायऱ्यांकडे, सुबरावांकडे बघत उभे राहिले. सुबराव उठले नाहीत.

सरांनी हळू आवाजात सांगितलं, “काका, शिट्टी झाली.”

“ऐकली मी,” मानोजीराव म्हणाले. “बसा.”

त्यांनी मनगट सोडलं नव्हतं.